पहिला खांदा

आमच्या गावात पोलीस ठाणं नाही. हमरस्त्याला लागलं की पुढच्या गावात पोलिसांचं दूरक्षेत्र आहे. तिथे एक हवालदार, दोन शिपाई आणि त्यांच्या माथ्यावर आजूबाजूची सगळी गावं. म्हणून गावातली भांडणं शक्यतो गावातच मिटावीत, आणि पोलिसांना कधी बोलवायचं, कधी नाही हे गावानं ठरवावं, यासाठी तंटामुक्ती समिती असते. पोलीस पाटील सरकार नेमतं. या समितीचा अध्यक्ष मात्र गाव निवडतं, ऑगस्टमधल्या ग्रामसभेत, सगळ्यांसमोर हात वर करून.

माझी थोरली जाऊ त्या जागेवर एकच वर्ष होती. आमच्या घरात त्या वर्षाचा विषय आपणहून कुणी काढत नाही.

मी त्यांना वहिनी म्हणते. भावजी मालवाहू जहाजावर असतात. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर, उरलेले घरी. त्यामुळे दोन मुलींची शिक्षणं, कलमांची राखण, साफसफाई, आंबा काढायच्या वेळी गडी मिळवणं हे सगळं वहिनींनी एकटीनं केलं. माझे यजमान रत्नागिरीला कचेरीत, सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. आमच्या चुली वेगळ्या पण पडवी एक. त्या पडवीत रोज सकाळी आमचे एक चुलत सासरे चहाला यायचे. त्यांना आम्ही दोघी काका म्हणायचो. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. चहा वहिनींच्या हातचा प्यायचे. माझा एकदा प्यायले आणि म्हणाले, "हिच्यापेक्षा आमच्या डेपोतला बरा." पुन्हा कधी माझ्याकडे मागितला नाही.

समिती सुरू झाली तेव्हापासून अध्यक्ष काकाच. दरवर्षी ग्रामसभेत सरपंच विचारायचे, "काकांनाच ठेवायचं ना?" लोक हो म्हणायचे आणि पुढचा विषय सुरू व्हायचा. काका कधी बैठक बोलवत नसत. गडग्यावरून, म्हणजे दोन आवारांमधल्या दगडी बांधावरून, दोघे भांडले की ते त्या गडग्यावर जाऊन बसायचे. अमक्याच्या बागेत मोहर कसा आहे, बांगड्याचा भाव काय झालाय, अशा गप्पा मारायचे. तासाभरानं भांडणारे दोघे कंटाळून एकमेकांशी बोलू लागायचे. तेवढ्यानं पुष्कळ काम व्हायचं.

पण चोऱ्या सुरू झाल्या तेव्हा त्या रीतीनं भागेना. आमच्याकडे निम्मी घरं बंद. माणसं मुंबईला, पुण्याला. एका उन्हाळ्यात कुणी तरी बंद घरांची मागची दारं फोडायला लागलं. तांब्याची घंगाळं, पितळी समया, जुने हंडे, जे जड आणि विकण्यासारखं ते गेलं. काका म्हणाले, "बाहेरचे लोक असतील. जातील आपसूक." वहिनींनी बचत गटातल्या बायका गोळा केल्या आणि सगळ्यांना घेऊन दूरक्षेत्रावर गेल्या. हवालदारांना म्हणाल्या, "तुम्हाला रोज यायला जमत नाही हे आम्हांला कळतं. पण आठवड्यातून दोनदा गाडी फिरवा, बाकी आम्ही बघतो." मग ग्रामपंचायतीच्या मागे लागून वाटांवर सौर दिवे लावून घेतले. बंद घरांच्या किल्ल्या कुणाकडे आहेत, अनोळखी टेम्पो दिसला तर कुणी कुणाला फोन करायचा, हे सगळं बसवलं. चोऱ्या थांबल्या. चोर सापडले नाहीत, पण थांबल्या खऱ्या.

त्याच ऑगस्टात ग्रामसभा शाळेच्या मोठ्या खोलीत भरली. बाहेर पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा वास. सरपंचांनी नेहमीचं विचारलं, "मग काकांनाच ठेवायचं ना?"

खालच्या वाडीतली, बचत गटाचा हिशेब बघणारी एक तरुण सून उभी राहिली. "मी वहिनींचं नाव सुचवते," ती म्हणाली.

वहिनी माझ्या शेजारी होत्या. माझा हात दाबून म्हणाल्या, "अगो, तिला खाली बसव. हे काय भलतंच?" त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं. पण तोवर मागच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. काही तरुण मुलगेही 'हो, हो' करू लागले. सरपंच गोंधळले आणि त्यांनी काकांकडे पाहिलं.

काका अगदी पुढच्या बाकावर होते. हसून म्हणाले, "होऊ दे की मतदान. लोकशाही आहे."

आधी काकांसाठी हात मोजले, मग वहिनींसाठी. माझा हात वहिनींसाठी वर होता आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. वहिनींनी मात्र काकांसाठी हात वर केला होता. मी शेजारी होते म्हणून मला दिसलं. काका पुढे तोंड करून बसले होते, त्यांना दिसणं शक्य नव्हतं. आठ-दहा हातांच्या फरकानं वहिनी निवडून आल्या. काका उठले, नारळ मागवला, तो वहिनींच्या हातात दिला आणि म्हणाले, "सांभाळ गो." मग छत्री उघडून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहाला आले नाहीत. पाऊस होता म्हणून आले नसतील असं आम्ही धरलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, तरी आले नाहीत. वहिनी चहाला दूध घालताना त्यांच्यापुरतं जास्त घालायच्या. आठवडाभरानं ते बंद केलं.

मी एकदा म्हटलं, "वहिनी, एकदा जाऊन या ना त्यांच्याकडे."

"काय सांगू जाऊन? मला नको होतं, लोकांनी केलं, असं? म्हणजे त्यांना आणखी लागेल. राग शांत झाला की येतील आपले आपण."

काकूंकडून, म्हणजे काकांच्या घरातून, उलट्या बाजूनं कानावर आलं. काका म्हणाले होते, "हरलो त्याचं काय नाय. पण रोज चहा पितो त्या घरातनं कुणी आधी एक शब्द सांगू नये?" सांगायला कुणाला काही माहीतच नव्हतं. पण हे त्यांना कोण समजावणार?

पहिले काही महिने वहिनींनी काम चांगलं केलं. विहिरीच्या पंपावरून तेढ आलेली मिटवली. दारू पिऊन रस्त्यात शिवीगाळ करणाऱ्या एकाला त्याच्या आईसमोर उभं केलं. हवालदार म्हणायचे, "बाई, तुमच्या गावातून फोन आला की मला खात्री असते, काम खरंच आहे." गणपतीला, दिवाळीला सगळं सुरळीत पार पडलं.

मग शिमगा आला.

आमच्या ग्रामदेवीची पालखी होळीनंतर घरोघर फिरते. मुंबईचे लोक गणपतीला येतील न येतील, शिमग्याला येतात, कारण देवी स्वतः दारात येते. ओटी भरायची असते, वर्षाचं गाऱ्हाणं सांगायचं असतं. आता देवळातून पालखी उचलताना पहिला खांदा कुणाचा, यावरून वरची वाडी आणि खालची वाडी यांच्यात जुना वाद आहे. दोघेही मान आपला म्हणतात. माझं लग्न होऊन मी आले तेव्हापासून हा वाद मी फक्त ऐकला होता, पाहिला नव्हता. कारण पहिला खांदा काका द्यायचे. आमची मधली वाडी, ती कुणाच्याच बाजूची नाही. तंटामुक्तीचे अध्यक्ष म्हणून काका पुढे व्हायचे, आमच्या वाडीतल्या माणसांसोबत पालखी देवळाच्या पायरीखाली आणायचे, आणि मग दोन्ही वाड्यांचे लोक एकदम खांदे लावायचे. ही गोष्ट कुणी कधी ठरवली नव्हती, कुठे लिहिली नव्हती. तसं घडत आलं, एवढंच.

आता अध्यक्ष बाई. आमच्याकडे पालखीला बायका खांदा देत नाहीत. वहिनींनाही तसं काही करायचं नव्हतं. त्यांनी देवळात दोन्ही वाड्यांची बैठक लावली आणि सरळ सांगितलं, "काकांनीच द्यावा खांदा, नेहमीसारखा."

वरच्या वाडीतला एकजण म्हणाला, "कुठल्या नात्यानं? ते आता अध्यक्ष नाहीत."

खालच्या वाडीतून आवाज आला, "मग ज्याचा मूळ मान त्याला द्या."

"मूळ मान कुणाचा ते सगळ्यांना माहीत आहे."

"काय माहीत आहे? बोल ना, काय माहीत आहे?"

काकांना निरोप गेला होता, पण ते बैठकीला आले नव्हते. पोलीस पाटील पुन्हा एकदा त्यांच्या घरी गेले. परत येऊन म्हणाले, "काका म्हणतात, मला आता अधिकार नाही. गावानं काढून घेतला."

वहिनी काही बोलणार तेवढ्यात मागे दोन मुलगे एकमेकांच्या अंगावर गेले. दोघंही मुंबईहून आलेले, एरवी एकत्र क्रिकेट खेळणारे. ढकलाढकलीत एकजण पायरीवरून पडला आणि त्याचा हात मोडला. त्याच्या बापानं त्याला रत्नागिरीला दवाखान्यात नेलं आणि तिथून तसाच पोलिसांत तक्रार द्यायला गेला. दुसऱ्या दिवशी दोन्ही वाड्यांना नोटिसा आल्या.

पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी वहिनींना आणि दोन्ही वाड्यांच्या प्रमुखांना बोलावलं. सोबत म्हणून मी गेले होते. साहेब माणूस वाईट नव्हता. बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. वहिनींना म्हणाला, "ताई, देवाच्या कामात आडवं यायची मला हौस नाही. तुम्ही गावानं निवडलेल्या अध्यक्ष आहात. तुम्ही लिहून द्या की पालखी शांततेत फिरेल आणि काही झालं तर जबाबदारी तुमची. मी परवानगी देतो. दोन माणसं पाठवतो."

वहिनींनी मान वळवून प्रमुखांकडे पाहिलं. "तुमची मुलं गप्प राहतील?"

वरच्या वाडीचे प्रमुख म्हणाले, "आमची राहतील. त्यांच्या मुलांचं मी कसं सांगू?"

खालच्या वाडीच्या प्रमुखांनीही तेच सांगितलं, फक्त उलट.

"देवीची शपथ घेता?"

दोघेही खाली बघत राहिले.

वहिनींच्या हातात पेन होतं. मला वाटलं, करतील सही. मीच म्हणणार होते, करा. पण त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "नाही साहेब. आज हात मोडलाय. उद्या पालखीखाली कुणाचं डोकं फुटलं, तर मी त्याच्या आईला काय सांगू? मी नाही लिहून देत."

परत आम्ही सगळे एकाच रिक्षानं आलो. गावाच्या फाट्यावर उतरताना एक प्रमुख म्हणाले, "काका असते तर त्यांनी दिलं असतं लिहून."

"हो," वहिनी म्हणाल्या. "दिलं असतं."

त्या वर्षी पालखी देवळाबाहेर पडली नाही. देवीला सजवलं, पालखीत बसवलं, आणि पालखी गाभाऱ्यासमोर तशीच राहिली. दारात पोलीस, लोक रांगेनं येऊन ओटी भरून जात होते. ढोल वाजले, पण बसून वाजवलेला ढोल वेगळाच वाटतो. सुट्टी काढून आलेली माणसं आपापल्या अंगणात बसून राहिली. कुणी कुणाला मोठ्यानं हाक मारत नव्हतं. वहिनींनी दरवर्षीसारखं अंगण सारवलं होतं, रांगोळी काढली होती. वाटेनं जाणाऱ्या एका बाईनं विचारलं, "येणार नाही माहीत होतं ना, मग कशाला सारवलंत?" वहिनी म्हणाल्या, "सवय आहे." आणि आत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

कुणी तोंडावर बोललं नाही. आमच्याकडे तोंडावर बोलायची पद्धत नाही. पण देवळात, पाणवठ्यावर, गाडीची वाट बघताना एक वाक्य फिरत होतं: बाईला अध्यक्ष केलं आणि देवीला कोंडली. ज्या सुनेनं नाव सुचवलं होतं ती वहिनींना पाहून वाट बदलू लागली. तिच्या घरचे तिला बोलले असणार, तिचाही काय दोष? पुढे कुणाचं भांडण झालं की ते वहिनींकडे न येता थेट दूरक्षेत्रावर जाऊ लागले. हवालदार एकदा दारात येऊन म्हणाले, "बाई, हल्ली फोन नाही तुमचा." वहिनी म्हणाल्या, "भांडणं आता तुमच्याकडे येतात ना. मग मी कशाला फोन करू?"

भावजींचा जहाजावरून फोन यायचा. आवाज मध्येच तुटायचा. ते म्हणायचे, "तू बरोबर केलंस." वहिनी म्हणायच्या, "तुम्ही लांब आहात म्हणून तुम्हाला तसं वाटतं."

पुढच्या ऑगस्टात ग्रामसभेत वहिनी पहिल्यांदाच स्वतःहून उभ्या राहिल्या. "मला मोकळं करा आणि काकांना पुन्हा घ्या," एवढंच म्हणाल्या. काकांची निवड बिनविरोध झाली. टाळ्या झाल्या. वहिनींनीही वाजवल्या.

दुसऱ्या सकाळी काका पडवीत आले. वर्षभरात प्रथमच. वहिनींनी काही न विचारता चहा टाकला. त्यांनी कप हातात घेतला. वजन कमी झालं होतं.

"तू आली असतीस ना माझ्याकडे," ते म्हणाले, "त्या बैठकीच्या आधी. नुसती येऊन बसली असतीस. मी आलो असतो देवळात."

"तुम्ही एक दिवस चहाला आला असतात तर मी तुमच्या पाया पडून नेलं असतं," वहिनी म्हणाल्या.

"मला वाटलं तुला नको आहे माझी लुडबूड."

"आणि मला वाटलं तुम्ही रागावलात. मी तुमच्यासाठी हात वर केला होता काका. विचारा हिला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. चहा निवून गेला तरी त्यांनी तो प्यायला. त्यांना तसं बसलेलं पाहून मला वाटलं, चला, आता सगळं पूर्वीसारखं होईल.

तसं झालं नाही. पुढच्या शिमग्याच्या आधी काका दोन्ही वाड्यांत जाऊन आले. गडग्यावर बसले, मोहराच्या गप्पा मारल्या. लोकांनी त्यांना मान दिला, सरबत दिलं, आणि सांगितलं, "काका, आता प्रकरण पोलिसांत लिहिलं गेलंय. आम्ही आमचा हक्क सोडला असं व्हायला नको." एकदा दोन्ही बाजूंचे दावे ठाण्यातल्या कागदावर चढले, मग जुनी न बोललेली तडजोड कुणालाच चालेना. जी गोष्ट कुणी ठरवली नव्हती म्हणून टिकली होती, ती आता कुणी तरी ठरवायलाच हवी होती. शेवटी तालुक्याच्या कचेरीत बसून लेखी ठरलं. दोन्ही वाड्यांनी एकाच वेळी खांदा द्यायचा, डावा यांचा, उजवा त्यांचा, पुढच्या वर्षी उलट. कुठल्या दिवशी कुठल्या वाडीत, किती वाजेपर्यंत, सगळं ठरलं. त्यात काकांना जागा नव्हती. त्यांनी तक्रार केली नाही. पालखी निघाली तेव्हा ते देवळाच्या कट्ट्यावर हात जोडून उभे होते.

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. आता अंथरुणावरच असतात. बोलणं कळत नाही, फक्त काकूंना कळतं. वहिनी रोज सकाळी थर्मासमध्ये चहा घेऊन जातात, बशीत ओतून थोडा थोडा पाजतात. मी कधी बरोबर जाते. दोघं काही बोलत नाहीत. काकूंनी मला एकदा हळूच सांगितलं, "हिची वेळ टळली की दाराकडे बघत बसतात." मला वाटतं, तेव्हाच हे दोघं असे बसायला हवे होते, एकदा, त्या ऑगस्टात. पण हे तेव्हा कुणाला दिसलं? मतदान झालं होतं, हात मोजले होते, सगळं नियमानं होतं. त्यात कुणाचं मन मोजायची सोय नव्हती.

आता समितीचा अध्यक्ष दरवर्षी बदलतो. एकदा वरच्या वाडीचा, एकदा खालच्या. वहिनींचं नाव कुणी घेत नाही. सौर दिव्यांमधले निम्मे बंद पडलेत, पाठपुरावा करायला कुणी नाही. मी एकदा म्हटलं, तुम्ही ग्रामपंचायतीला अर्ज तरी करा. म्हणाल्या, "करतील ज्यांना हवेत ते."

पालखी मात्र निघते. ढोल वाजतात, गुलाल उडतो, आणि पालखीच्या दोन्ही बाजूंनी दोन पोलीस चालतात. आमच्या अंगणात पालखी टेकली की वहिनी आधी ओटी भरतात आणि मग त्या दोघांना कोकम सरबत देतात. या शिमग्याला त्यांच्यात एक तरुण शिपाई होता, राजापूरकडचा. उन्हानं लाल झालेला. ग्लास घेताना त्यानं टोपी काढून पालखीला नमस्कार केला.

वहिनींनी विचारलं, "तुमच्याकडे नाही का हो शिमगा?"

"आहे ना, काकी. आमच्या पण देवीची पालखी आजच घरी येते," तो म्हणाला. "आई फोटो पाठवते म्हणाली. सुट्टी नाय मिळाली."

वहिनींनी त्याचा ग्लास पुन्हा भरला. त्यानं मान खाली घालून तो प्यायला, टोपी घातली आणि पालखी उठली तसा तिच्याबरोबर गेला.